आधी पोरं, मग वस्ताद

सप्टेंबर संपत आला की आमच्या कोपऱ्यावरच्या मलबाऱ्याच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, रुतबाचे शेवटचे खोके येतात. रुतब म्हणजे अर्धा पिकलेला खजूर. एक टोक पिवळं आणि कडक, दुसरं तपकिरी, मऊ, बोटांना चिकटणारं. काल शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, एक खोका आणून ओट्यावर ठेवला आणि अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीतल्या या व्हिलाच्या मागच्या आमच्या दोन खोल्या त्या गुळमट वासाने भरून गेल्या. मी उठून खिडकी सताड उघडली. बाहेरची दमट गरम हवा आत घुसली, एसी बोंबलायला लागला. "अहो, नऊ वर्षं झाली! त्या खजुराने तुमचं काय घोडं मारलंय?" शैला ओरडली. मी टीव्ही लावला आणि आवाज मोठा केला.

ऋतूंवर लिहिणारे लोक बहुधा हळवे असतात. मोहोर, धुकं, हुरडा, चांदणं. लिहोत बापडे. मला माझा ऋतू आठवतो तेव्हा आधी स्वतःच्या उजव्या हाताचा तळवा आठवतो, आणि त्याखाली चौदा वर्षांच्या पोरीचा तापलेला, वाळूने खरबरीत झालेला गाल. इथला उन्हाळा सप्टेंबरात जातो म्हणतात. जातो, पण जाता जाता दोन लाथा घालून जातो. सकाळी सातला गाडीच्या दाराला हात लावला तरी चटका बसतो. उन्हात पाच मिनिटं उभं राहिलं की कानशिलात कोणीतरी हातोडी घेऊन बसल्यासारखं ठणकतं. या महिन्यात मी कोणाशीही धड बोलत नाही. शैला म्हणते, इतर अकरा महिने तरी कुठे बोलता.

मी मिरजेचा. आमच्या भागात सायकलच्या शर्यतीचं वेड फार, आणि ते वेड माझ्या डोक्यात भरलं आप्पा वस्तादांनी. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पण वाढले होते तालमीत, त्यामुळे कुस्तीचे सगळे नियम त्यांनी सायकलीला लावले. पहिला नियम, मेहनत चालू असताना पाणी नाही. पाणी पोटात गेलं की पाय मऊ पडतात, असं त्यांचं ठाम मत. कोणी वाटेत विहिरीवर थांबलेला कळला की जुन्या टायरची पट्टी निघायची आणि पोटऱ्यांवर सपासप बसायची. माझ्या डाव्या पोटरीवर अजून एक वळ आहे. पण एक सांगतो. शेवटचा पोरगा परत येईपर्यंत वस्ताद स्वतः पाण्याला शिवत नसत. मे महिन्यात, तासगावच्या रस्त्यावर, डोक्यावर छप्पर नाही, शेजारी भरलेला तांब्या झाकून ठेवलेला, ओठ फुटलेले आणि नजर रस्त्याच्या टोकाला. "आधी पोरं, मग वस्ताद," म्हणायचे. एवढा मार खाऊनही आम्ही त्या माणसावर जीव ओवाळून टाकला तो या एका गोष्टीपायी.

आज कोणीही डॉक्टर सांगेल की तो पाण्याचा नियम म्हणजे शुद्ध मूर्खपणा होता. मिरजेत संध्याकाळी तीस किलोमीटर मारणाऱ्या पोरांचं त्यात फार बिघडलं नाही, एवढंच. मी मात्र तो नियम इमानदारीने बरोबर घेऊन आखातात आलो. कपडे, लोणच्याची बरणी आणि हा नियम.

पंच्याण्णव साली मी जबल अलीला एका कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर होतो आणि मिशेल नावाचा एक फ्रेंच इंजिनियर माझा साहेब होता. उंच, टकला, नाकाचं कातडं कायम सोललेलं. त्याचं गाव वाइनच्या मुलखातलं. द्राक्षांची तोडणी सुरू झाली की तिकडे आसपासचे लोक सायकली बाहेर काढतात आणि दिवसभराची एक मोठी गोल फेरी करतात. टेकड्या चढायच्या, उतरायच्या, आणि प्रत्येक मळ्यावर थांबायचं. मळेवाल्याकडे पेलाभर वाइन घ्यायची, पाव-चीज खायचं, यंदा पीक कसं आहे विचारायचं आणि पुढच्या मळ्याकडे निघायचं. कोण आधी पोचला हे कोणी विचारत नाही. द्राक्षं आमच्या तासगावलाही होतात. पण त्यांच्याभोवती गंमत म्हणून सायकल फिरवणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

इथे द्राक्षं नाहीत तर नाहीत, मिशेल म्हणाला, खजूर आहे ना. त्याने सप्टेंबरअखेरीस अल ऐनच्या बागांमधून फेरी आखली. नव्वद किलोमीटर, पाच बागा, प्रत्येक बागेत खजूर, कावा म्हणजे अरबी कॉफी, आणि पाणी, आणि शेवटी जबल हफीतचा घाट, तोही ज्याला हवा त्याने चढावा. सगळ्यांना वाटलेल्या कागदावर त्याने वरती ठळक छापलं होतं, ही शर्यत नाही. मी ते वाचलं आणि हसलो. नव्वद किलोमीटर, वर घाट, आणि म्हणे शर्यत नाही. मग काय हळदीकुंकू आहे?

मिनूला, माझ्या पोरीला, सायकल आवडायची. त्याहून जास्त तिला माझ्याबरोबर असणं आवडायचं. मला हे तेव्हा कळत नव्हतं असं आज म्हणता येईल, पण ते खोटं होईल. चांगलं कळत होतं, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. तीन महिने दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पहाटे तिला उठवून जबल अलीच्या सरळसोट रस्त्यांवर पळवलं. कंपन्यांच्या बस आणि कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जायचे, वाऱ्याच्या झोताने तिची सायकल हेलकावे खायची. ती रडली की मी म्हणायचो, "रडून घे, पण पाय थांबवू नको." ती इंग्रजी शाळेतली, मला उत्तरं इंग्रजीत. "आय ॲम नॉट क्रायिंग, बाबा. इट्स सँड." मला याचं कौतुक वाटायचं. मी साइटवर चार जणांना सांगायचो.

फेरीच्या आदल्या दिवशी तिला समोर बसवून नियम सांगितला. घाटाच्या माथ्यापर्यंत पाणी नाही. तिचे डोळे मोठे झाले. मग मी तिला आप्पा वस्तादांची गोष्ट सांगितली, झाकलेल्या तांब्याची. "तू माथ्यावर पोचल्याशिवाय माझ्याही घशाखाली थेंब उतरणार नाही," म्हणालो. "प्रॉमिस?" तिने विचारलं. "वस्तादांची शपथ." तिने हात पुढे केला, आम्ही हात मिळवले. "देन इट्स फेअर," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

पहाटेची अल ऐन अजून डोळ्यांसमोर आहे. इतकी सुंदर जागा आणि मी तिथे काय करून बसलो! खजुरांच्या दाट बागा, मधून मातीच्या भिंतींच्या अरुंद वाटा, आणि पायाशी फलज, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाण्याचे पाट. थंडगार, नितळ पाणी, झुळझुळत. ओल्या मातीचा वास. झाडांवर माणसं कमरेला दोर बांधून चढलेली, खाली घोस सोडणारी. पहिल्या बागेत सगळे उतरले, चटईवर मांड्या घालून बसले. आम्ही दोघं सोडून. "बाबा, एव्हरीबडी इज स्टॉपिंग," मिनू म्हणाली. "म्हणून तर आपण थांबायचं नाही," मी म्हणालो, "चल, यल्ला." मागून मिशेल काहीतरी ओरडला. मी हात हलवला.

दुसरी बाग यायला आठ वाजले होते आणि ऊन सुरू झालं होतं. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस, पोटाला घेर आलेला. छातीत भाता चालू होता, जीभ टाळूला चिकटली होती, आणि मला समजलं की मी पुढे जाऊ शकत नाही. मिनूला म्हणालो, "तू भिंतीशी थांब, मी लघवीला जाऊन येतो." पंपाच्या खोलीमागे रबरी नळी सोडलेली होती. मी ती तोंडात धरली आणि प्यायलो. बैल पितो तसा प्यायलो. पोट तट्ट होईपर्यंत. मग बाहीने तोंड पुसलं, मिशा पुसल्या, परत कोरड्या केल्या, आणि भिंतीच्या पलीकडे माझी वाट बघत उन्हात उभ्या असलेल्या पोरीकडे गेलो. "उभी काय राहिलीस अशी मरगळून?" मी तिच्यावर खेकसलो. नियम मीच घातला, शपथ मीच घेतली, आणि पाणीही मीच प्यायलो. हे मी नऊ वर्षं कोणालाही सांगितलं नाही.

मग बागा संपल्या आणि वाळूतला सरळ रस्ता लागला. वारा सुटला. वाळवंटातला वारा काय असतो हे ज्याने खाल्लंय त्यालाच कळेल. वाळू तोंडावर चापट्या मारत होती, दातांत करकरत होती, डोळे उघडू देत नव्हती. खडीचे ट्रक मागून भोंगे वाजवत यायचे आणि इतक्या जवळून जायचे की दोन्ही सायकली रस्त्याखाली फेकल्या जायच्या. मिनू एकदा पडली. गुडघा फुटला, रक्तावर वाळू बसली. मी खाली उतरलो नाही. "ऊठ!" एवढंच ओरडलो. ती उठली. आज स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटते, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, वस्ताद असते तर खूश झाले असते.

तिसऱ्या बागेच्या फाटकाशी एक बलुच म्हातारा पाण्याचा जग घेऊनच उभा होता. मिशेलने त्याला सांगून ठेवलं होतं, सायकलवाले येतील. मिनूने ब्रेक लावला. मी बघतोय तोवर जगला तिचा हात लागलासुद्धा. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. मी सायकल टाकली, दोन ढांगांत तिथे पोचलो आणि जग उडवून दिला. पाणी वाळूत पडलं आणि क्षणात गायब झालं. म्हातारा चिडला. "अरे, पागल है क्या? बच्ची को पानी तो पीने दे!" मिनू त्या ओल्या डागाकडे बघत म्हणाली, "बाबा, प्लीज. वन सिप." आणि मी तिच्या कानाखाली वाजवली. "मी पितोय का?" ओरडलो. "सांग, मी पितोय का?" तिने गाल धरला, मान हलवली, आणि सायकलवर बसली. म्हातारा माझ्या सायकलच्या आडवा आला, त्याला मी ढकलून दिलं. पोटातलं पाणी डचमळत होतं आणि मी तिला विचारत होतो, मी पितोय का.

उरलेल्या दोन बागा आम्ही न बघता मागे टाकल्या. हफीतचा घाट म्हणजे अकरा-बारा किलोमीटरचा नुसता चढ. झाड नाही, आडोसा नाही. तापलेला भुंडा दगड वरून मारतो, डांबर खालून. मिनू माझ्या पुढे होती. पाठीवर टी-शर्टला मिठाचे पांढरे डाग पडले होते आणि नवा घाम येत नव्हता. मला बरं वाटलं. म्हटलं, घाम थांबला, म्हणजे दम जमला. इतका अडाणी माणूस मी. तिसऱ्या की चौथ्या वळणावर ती अचानक मराठीत बोलायला लागली, कोणाशी कोण जाणे. "आई, दार उघड ना. आई, दार उघड." पुढचं चाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आणि ती कठड्यावर आदळून रस्त्यावर पडली. डोळे उघडे, पण बघत नव्हते. हात लावला तर अंग तव्यासारखं. हातपाय झटके देत होते, टाच डांबरावर आपटत होती, खट खट खट. मी तिला हाका मारल्या. दुसरं काही सुचलं नाही.

मिशेल फेरीच्या मदतीला ठेवलेला पिकअप घेऊन मागे येतच होता. बलुच म्हाताऱ्याने त्याला काय झालं ते सांगितलं होतं. बर्फातल्या बाटल्या घेऊन तो धावत आला. तिच्या डोक्यावर, मानेवर, काखेत पाणी ओतलं, तिला उचलून गाडीत मागे ठेवलं, बर्फ लावला. मग वळला, माझी कॉलर धरली आणि तोंडावर गुद्दा मारला. पुढचा एक दात हलला. मी हात उचलला नाही. का मारलं म्हणून पुढे साइटवर लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, पोरीला इतकं दामटलं म्हणून मारलं, आणि बरोबर मारलं.

हॉस्पिटलात तिला बर्फाच्या चादरीत गुंडाळलं, दोन्ही हातांना सुया. डॉक्टर म्हणाले, मेंदूवर परिणाम झालाय का ते आज कळणार नाही, किडनीचं उद्या कळेल. शैला शेजाऱ्यांच्या गाडीतून दुबईहून आली ती थेट माझ्या छातीवर दोन्ही मुठी मारायला लागली. नर्सने धरलं तरी मारत होती. "पाणी नाही दिलंत? पोटच्या पोरीला पाणी नाही दिलंत? जनावराला तरी देतात हो!" दमली तेव्हा भिंतीला टेकली आणि विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही प्यालात?" मी म्हणालो, "थेंब नाही." "मग तुम्ही उभे कसे?" "सवय आहे," मी म्हणालो.

दोन दिवस ती शुद्धीवर नीट आली नाही. तिसऱ्या दिवशी डोळ्यांत ओळख दिसली. किडन्या वाचल्या. शैला कॉटच्या या बाजूने मला अजून फाडून खातच होती, तेव्हा मिनूने फुटलेले ओठ हलवले. "आई, डोंट शाउट ॲट हिम. ही डिडंट ड्रिंक आयदर." मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. लोकांना वाटलं, बिचारा बाप.

तेव्हा सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, दुसऱ्या वर्षीही सांगता आलं असतं. दर वर्षी ते अधिक जड होत गेलं. मिनूने दोन वर्षं सायकलला हात लावला नाही, मग स्वतःहून लावला. मी जवळ गेलो नाही. कॉलेज झालं, आणि काय योग बघा, पुढच्या शिक्षणाला फ्रान्सला गेली, तेही तसल्याच द्राक्षांच्या मुलखात. मला फोन करायची, इंग्रजीत बोलायची, हसायची. माझ्यावर कधी रागावली नाही. मैत्रिणींना ती माझ्याबद्दल सांगते ते मी एकदा ऐकलंय. माय फादर इज क्रेझी, बट ही इज फेअर. माझं हे एवढंच नाव तिच्याकडे शिल्लक होतं, आणि ते खोट्यावर उभं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ कधीच गेला होता, राहिली होती ती भीती. तिला कळलं तर माझ्याजवळ काय उरेल?

काल रात्रीचं जेवण व्हायच्या आधी तिचा फोन आला. आवाज फुललेला. दिवसभराची फेरी करून आली होती, मळ्यांमधून, शंभराच्या वर किलोमीटर. चढ असे की मांड्या फाटल्या, मध्ये गारांचा पाऊस झोडपून गेला, एकाचा उतारावर पडून खांदा मोडला. मी विचारलं, "थांबलीस का वाटेत?" "एव्हरी सिंगल व्हिलेज, बाबा!" आणि मग म्हणाली, तिथल्या गावातल्या क्लबात ती शनिवारी लहान पोरांना सायकल शिकवायला लागलीय. आठ-नऊ वर्षांची बारा पोरं. तिने त्यांना एक नियम घालून दिलाय. दर थांब्यावर आधी पोरांनी पाणी प्यायचं, बारावं पोर पिईपर्यंत ती स्वतः बाटलीला हात लावत नाही. "आय टोल्ड देम, माय फादर टॉट मी दॅट."

शैला ओट्याशी पोळ्या लाटत होती. मी म्हणालो, "मिनू, मी प्यायलो होतो." "व्हॉट?" "त्या दिवशी. दुसऱ्या बागेत, पंपामागे. तुला भिंतीशी उभं करून. पोटभर प्यायलो. आणि मग तुला मारलं." लाटण्याचा आवाज थांबला. फोनमध्ये तिच्या खोलीतलं काहीतरी टिकटिकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग ती बोलली, मराठीत.

"एकदाच?"

हो म्हणता आलं असतं. इथे वर लिहितानाही मी ते गाळून पुढे गेलोच की. नऊ वर्षांची सवय.

"नाही," मी म्हणालो. "दोनदा. तू रस्त्यावर पडली होतीस, झटके येत होते. मिशेल बाटल्या घेऊन धावत आला. पहिली बाटली त्याने माझ्या हातात दिली, तुला पाजायला. ती मी आधी माझ्या तोंडाला लावली. त्याने बघितलं. म्हणून मारलं त्याने मला."

मी तिच्या श्वासाकडे कान देऊन उभा राहिलो. मग अगदी हळू, परक्या माणसाशी बोलावं तसं, ती म्हणाली, "आईला फोन द्या."

मी दिला.